गिरणीमालकाचे देणे

गोदातीरावरील नांदेड शहरात सातव्या निजामांचे नाव धारण करणारी उस्मानशाही गिरणी उभी राहिली, ती भोवतालच्या कपाशीच्या बळावर. पलीकडे लातूरच्या पेठेत १९११ साली बार्शी लाइट रेल्वे आली आणि तिकडचाही कापूस दूर जाऊ लागला. शेतकऱ्याने पिकविले, मजूर बायांनी वेचले, कामगाराने कातले. नफा मात्र भागधारकांचा! मग मालक या सर्वांचे मजुरीपलीकडे काही देणे लागतो की नाही?

हा प्रश्न मुंबईत पूर्वीच विचारला गेला होता. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी साडेपाच हजार गिरणीकामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारी कमिशनपुढे ठेवला. आठवड्यास एक सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत, आणि कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत वेतन. धर्मादायाची मागणी यात एकही नव्हती. धर्मशाळा बांधणारे शेठ त्या काळी कमी नव्हते. तरी रविवारची सुटी मिळावयास १० जून १८९० उजाडावा लागला.

शिवाय ब्रिटिश मुलखातील कारखान्यांचे कायदे निजामाच्या हद्दीत आपोआप लागू होत नसत. मुंबईत जे हक्काने मागता आले, ते नांदेडच्या कामगारास बराच काळ मालकाच्या मर्जीवर सोडावे लागले. पुढे संस्थान १९४८ साली भारतात विलीन झाले, गिरणी सरकारी महामंडळाकडे गेली, आणि अखेरीस तिचे साचेही थांबले.