सीडी, लिनक्स आणि ‘वऱ्हाड’ : ड्रायव्हरांच्या इतिहासातील एक प्रकरण

लिनक्स ही मुक्त संगणकप्रणाली १९९१ साली अवतरली, त्या वेळी सीडी ड्राइव्ह संगणकास जोडण्याची सर्वमान्य अशी एक रीत नव्हती. मित्सुमी, सोनी, मात्सुशिता, फिलिप्स यांच्या ड्राइव्हना ज्याची त्याची निराळी जोडणी असे, आणि पुष्कळदा तिची तार ध्वनिकार्डाकडे जाई. ड्रायव्हर, म्हणजे यंत्राशी व्यवहार करणारी आज्ञावली, निर्माते पुरवीत ती प्रामुख्याने डॉस व विंडोजसाठी. लिनक्सकरिता ती स्वयंसेवकांना एकेका ड्राइव्हगणिक लिहावी लागली. मात्सुशिता ड्राइव्हसाठी एबरहार्ड मॉन्केबर्ग यांनी लिहिलेला ‘एसबीपीसीडी’ याच पिढीतला. ड्राइव्ह शोधताना तो एकामागून एक पत्ते चाचपी, आणि त्या चाचपणीत भलत्याच कार्डास धक्का लागण्याचा धोका असे. १९९४ च्या सुमारास ‘अटापी’ ही सामाईक रीत आली व एकच ड्रायव्हर बहुतेक ड्राइव्हना पुरू लागला. जुने ड्रायव्हर २००७ मध्ये कर्नलमधून काढण्यात आले.

यंत्र ओळखले गेले, तरी तबकडीवरील नावे वाचता येतीलच असे नव्हते. १९८८ च्या आयएसओ ९६६० मानकाच्या पहिल्या पातळीवर फाइलच्या नावास आठ अक्षरे आणि पुढे तीन अक्षरांचा प्रत्यय एवढीच मुभा होती. तीही रोमन मोठी अक्षरे, अंक आणि अधोरेषा यांपुरती. देवनागरीस तेथे थाराच नव्हता. मायक्रोसॉफ्टच्या ‘जोलिएट’ विस्ताराने १९९५ मध्ये युनिकोडमधील चौसष्ट चिन्हांपर्यंतची नावे शक्य केली, आणि लिनक्सनेही पुढे तो विस्तार स्वीकारला. परंतु नावांचे रूपांतर कोणत्या वर्णसंचात करावयाचे, हे सांगितले नाही तर कर्नल पश्चिम युरोपीय वर्णसंच गृहीत धरी, व त्यात नसलेल्या प्रत्येक चिन्हाऐवजी प्रश्नचिन्ह ठेवी. ‘नागपूर’ या शब्दात न, काना, ग, प, दीर्घ उकार, र अशी सहा चिन्हे. ‘वऱ्हाड’ मध्येही व, ऱ, हलन्त, ह, काना, ड अशी सहाच. दोन्ही नावांची सहा-सहा प्रश्नचिन्हे होत, आणि एक दुसऱ्यापासून ओळखता येत नसे. १९०३ साली वऱ्हाड मध्य प्रांतास जोडले गेले खरे, पण इतके एकरूप ते तेव्हाही झाले नव्हते!

यूटीएफ-८ निवडल्यावर ही अडचण दूर होते. मात्र मराठीची एक खास अडचण शिल्लक राहते. ‘वऱ्हाड’ मधील अर्धा र तीन प्रकारे टंकित होऊ शकतो : ऱ व हलन्त, र, नुक्ता व हलन्त, किंवा र, हलन्त व शून्य रुंदीचा जोडक. डोळ्यांस तिन्ही रूपे सारखीच. फाइलींचे नाव ताडून पाहणारा कर्नल मात्र चिन्हांचे क्रमांक पाहतो, आणि त्याच्या दृष्टीने ही तीन निरनिराळी नावे आहेत. बोलीच्या शब्दसूची वा ध्वनिमुद्रणे अशा तबकड्यांवर साठविलेली असतील, तर त्यांच्या प्रती काढताना एकाच गावाच्या नावाखाली तीन नोंदी सापडण्याचा संभव आहे. युनिकोडचे सामान्यीकरण पहिल्या दोन रूपांस एक मानते. तिसरे त्याच्या कक्षेबाहेर राहते, व ते हातानेच जुळवून घ्यावे लागते.