माळवदाचं घर किती वर्षं टिकतं?

गेल्या उन्हाळ्यात आम्ही चुलत भाऊ गावाकडच्या घराच्या वाटणीसाठी एकत्र बसलो. गाव औसा तालुक्यातलं. जुन्या लाकडाचा एक व्यापारी घर बघायला आला होता. त्याने भिंतींकडे पाहिलंही नाही. एकेका खांबावर बोटांच्या पेरांनी टकटक करत तो ओसरीपासून मागच्या सोप्यापर्यंत गेला. परत येऊन त्याने सागवानाचा भाव सांगितला आणि म्हणाला, "भिंतीचे काही मिळणार नाहीत. उलट दगड-माती उचलायचे तुम्हालाच द्यावे लागतील."

शंभर वर्षांच्या घरात कशाची किंमत उरते आणि कशाची नाही, याचा हिशेब त्याने दोन वाक्यांत केला. पण तो पुरा हिशेब नव्हता, असं मला तेव्हापासून वाटत राहिलं.

घर माझ्या पणजोबांनी बांधलं. त्याचा उर्दू कागद माझ्याकडे आहे. त्यावर १३३० फसली असं साल आहे. फसलीत ५९० मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे साधारण १९२०. तेव्हा आमचा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि दफ्तर उर्दूत चालायचं. आजही गावातले लोक, हिंदू असोत की मुसलमान, जुने कागद वाचून घ्यायला माझ्याकडे येतात. कित्येकदा कागद शाबूत असतो, पण त्यात लिहिलेल्या घराच्या जागी आता नुसता उकिरडा असतो.

मराठवाड्यातलं माळवदाचं घर ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. दगडाच्या दोन-तीन फूट जाड भिंती, आत लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर आडवी लाकडं, त्यावर किलचा आणि सगळ्यांच्या वर पांढऱ्या मातीचा जाड थर. उजेडासाठी छताला साणं, पावसाचं पाणी बाहेर टाकायला पन्हाळं. अशा घराला एक वय नसतं. प्रत्येक अंगाचं वय वेगळं.

सगळ्यांत कमी आयुष्य सारवणाचं. जमिनीचं शेण-मातीचं सारवण आठवड्या-पंधरवड्याचं. भिंतीचा पोतेरा वर्षाचा. आमच्याकडे तो रमजान ईदेच्या आधी व्हायचा, शेजारी दिवाळीच्या आधी. मातीचा गिलावा चार-पाच पावसाळे निघायचा, पावसाच्या तोंडाची भिंत असेल तर त्याहून कमी. छताच्या मातीला दर उन्हाळ्यात हात लावावा लागे. दादी म्हणायची, "माटी कू माटी होना, बेटा." मृग लागायच्या आत नवी पांढरी माती छतावर पडलीच पाहिजे, असा तिचा कायदा होता.

लाकडाचं गणित निराळं. छपराखाली कोरडं राहिलं तर सागवान दीडशे-दोनशे वर्षं सहज काढतं. आमच्याकडून जवळ असलेल्या बीदरच्या किल्ल्यात रंगीन महाल आहे. सोळाव्या शतकातल्या अली बरीदशाहाच्या काळातला. त्यातले कोरीव लाकडी खांब अजून उभे आहेत. पण तेच लाकूड जिथे जमिनीत गाडलं जातं किंवा ओल्या भिंतीत जातं, तिथे वाळवी त्याला काही वर्षांत पोकळ करते. म्हणून जुने सुतार खांबाखाली दगडी तळखडा बसवायचे. आमच्या घराचे खांब या तळखड्यांमुळेच वाचले. मागच्या सोप्यात एका तुळईचं टोक भिंतीत होतं, तेवढंच कुजलं.

दगड आणि चुना सगळ्यांत दीर्घायुषी. पण त्यांनाही भरवसा नाही. बीदरलाच महमूद गवानचा मदरसा आहे, १४७२चा. मी शिक्षक असल्यामुळे दरवेळी तिथे थोडा जास्त थांबतो. तीन मजली इमारत, चुन्यातलं बांधकाम, दर्शनी भागावर रंगीत झिलईच्या फरशा. १६९६ साली आत साठवलेल्या दारूगोळ्याचा स्फोट झाला आणि इमारतीचा मोठा भाग कोसळला. दर्शनी भागाचा एक मिनार उरला. फरशा बहुतेक गळून गेल्या, पण जिथे उरल्या तिथे निळा रंग अजून ताजा आहे. चुना पाचशे वर्षं टिकला. कमी टिकली ती अक्कल. शाळेत दारू साठवायची नसते, एवढंच कुणाला सुचलं नाही.

आता आमच्या घराकडे येतो. सप्टेंबर १९४८मध्ये पोलीस ॲक्शन झाली. नंतर आलेल्या पंडित सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ पोचलेले म्हणून जे चार जिल्हे सांगितले, त्यात उस्मानाबाद होता. आमचा तालुका तेव्हा त्याच जिल्ह्यात. दादी कडेवर लेकरू घेऊन, घराला कुलूप लावून हैदराबादला नातेवाइकांकडे गेली. दोन पावसाळे घर बंद राहिलं.

माणूस नसलेलं माळवद फार लवकर मरतं. छतावर गवत उगवतं, मुळं मातीत भेगा पाडतात, पन्हाळ पाल्याने तुंबतं, पाणी साचतं, किलचा कुजतात आणि एका रात्री माती खाली येते. दादी परतली तेव्हा मागच्या सोप्याचे दोन खण असेच बसले होते. पुढची ओसरी आणि ढेलज मात्र धड होती. का, ते तिला नंतर कळलं. शेजारच्या पाटलांची म्हातारी दोन्ही वर्षी पावसाच्या तोंडावर गड्याला शिडी लावून वर चढवायची. तो तिच्या छतावरचं गवत उपटायचा आणि त्याबरोबर आमच्याही पुढच्या बाजूचं. पन्हाळं मोकळी करायचा. मागच्या सोप्यापर्यंत जायला वाट नव्हती. जेवढं छत तिच्या हाताला लागलं तेवढं वाचलं. ती वेळ अशी होती की आमच्या घराकडे बघणंसुद्धा कुणाकुणाला नको होतं. दादीने ही गोष्ट आम्हाला इतक्यांदा सांगितली की आम्ही कंटाळायचो.

पण दादीचा कायदाही अर्धाच खरा होता. ते आम्हाला ३० सप्टेंबर १९९३ला कळलं.

मी तेव्हा शाळेत होतो. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालं होतं. पहाटे चारच्या सुमारास जमीन हलली. किल्लारी आणि आसपासची गावं जमीनदोस्त झाली. सरकारी नोंदीप्रमाणे आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. धक्का सव्वासहा रिश्टरच्या आगेमागे होता. एवढ्या धक्क्यात इतकी माणसं मरायला नको होती, असं नंतर आलेले अभियंते सांगत. मारलं ते घरांनी. भिंती बाहेरून एक आणि आतून एक अशा दोन पदरांच्या, मध्ये गोटे आणि माती. दोन्ही पदरांना बांधून ठेवणारा आरपार दगड नाही. हलताच पदर सुटले. वर टनावारी माती.

आमच्या गावाला झळ कमी बसली. उत्तरेची भिंत बाहेरच्या बाजूला पडली. लाकडी सांगाडा उभा राहिला आणि त्याने छत धरून ठेवलं, म्हणून मी आज हे लिहितो आहे. पुढे अब्बांनी छत हलकं करायला घेतलं. मातीचा थर दोन फुटांहून जास्त निघाला. दरवर्षी जुनी माती खरवडून मग नवी टाकायची, ही मूळ रीत. खरवडण्याचं काम कष्टाचं. ते कधीतरी सुटलं, टाकण्याचं तेवढं चालू राहिलं. आम्ही ज्याला देखभाल म्हणत होतो, ती आमच्याच डोक्यावर साठत होती. दादी त्या ढिगाऱ्याकडे बघत बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "पुरानी माटी निकालना बी होना था."

भूकंपानंतर दगडाची सगळ्यांना धास्ती बसली आणि स्लॅबवर विश्वास बसला. तोही तपासून घ्यायला हवा. माझं लातूरचं घर १९ वर्षांचं आहे. रंग पाच-सहा वर्षांत उडाला, गच्चीचं वॉटरप्रूफिंग आठव्या वर्षी गेलं, लोखंडी नळ दोनदा बदलले. मागच्या वर्षी न्हाणीघराच्या छताचा पोपडा पडला आणि आतली गंजलेली सळई दिसली. सिमेंट सळईला गंजापासून जपतं, पण सळईवर काँक्रीटचा पुरेसा थर असेल तरच. स्लॅबला निदान २० मिलिमीटर हवा. माझ्याकडे काही ठिकाणी दहाही नव्हता. गंजलेलं लोखंड फुगतं आणि काँक्रीट फोडतं. नीट बांधलेला, नीट राखलेला स्लॅब साठ-सत्तर वर्षं जाईल. माझा तेवढा जाईल, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. माळवद निदान आधी गळून इशारा देतं. स्लॅबच्या आत काय चाललंय ते पोपडा पडेपर्यंत कळत नाही.

वाटणीचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. मागचा सोपा व्यापाऱ्याला गेला. चुलत भावाच्या मुलीच्या शिक्षणाला पैसे हवे होते आणि त्यात चूक काही नाही. ढेलज आणि ओसरीचे चार खण आम्ही ठेवले. उरलेली माती पूर्ण उतरवली, वर पत्रा घातला, भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार दगड बसवून घेतले. गवंडी म्हणाला, लाकूड अजून तुमच्या नातवंडांना पुरेल.

आता वर माती नाही, पण पन्हाळ आहे. मृगाच्या आदल्या रविवारी मी मुलाला घेऊन गावी गेलो आणि त्याला शिडीवर चढवलं. पाटलांच्या घरात आता कुणी राहत नाही, सगळे पुण्याला असतात. आमचं पन्हाळ झाल्यावर त्याला म्हटलं, खाली उतरू नकोस, पलीकडचंही साफ कर. त्याने का, असं विचारलं. मग मी शिडी धरून उभ्याउभ्याच त्याला १९४८ची गोष्ट सांगायला लागलो.