अरबी समुद्राचे तापमान आणि कुपा मासेमारी

अरबी समुद्राचे तापमान आणि लांब दोरीच्या गळांनी होणारी कुपा माशाची (ट्यूना) पकड यांचा संबंध हा मत्स्यविज्ञान आणि सागरविज्ञान या दोन्ही शाखांतील अभ्यासविषय आहे. ही पकड पृष्ठभागाच्या तापमानाइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, खोलीनुसार तापमान कसे उतरते यावर अवलंबून असते. त्यामुळे गळांना जास्त मासे लागले, एवढ्यावरून समुद्रातील मासे वाढले असे म्हणता येत नाही.

मासेमारीची पद्धत

लाँगलाइन या पद्धतीत अनेक किलोमीटर लांबीची मुख्य दोरी बोयांच्या आधारे पाण्यात सोडली जाते. तिला ठराविक अंतरावर जोडदोऱ्या असतात आणि प्रत्येकीच्या टोकाच्या गळाला म्हाकूल, बांगडा यांसारखे आमिष लावतात. दोन बोयांमधील गळांची संख्या वाढवली की दोरीचा झोळ वाढतो व गळ अधिक खोल जातात. पकडीचा दर १०० किंवा १,००० गळांमागे मोजला जातो. जपानी नौकांनी १९५२ मध्ये हिंदी महासागरात या पद्धतीने व्यापारी मासेमारी सुरू केली.

तापमानाचा परिणाम

कुपा हा इतर बहुतेक माशांप्रमाणे पूर्णतः शीतरक्ताचा नाही. पोहण्याच्या स्नायूंत निर्माण होणारी उष्णता तो रक्तवाहिन्यांच्या विशिष्ट जाळ्यामुळे शरीरात टिकवू शकतो. मात्र त्याचे हृदय भोवतालच्या पाण्याइतकेच थंड होते, आणि थंड पाण्यात त्याची गती मंदावते. पिवळ्या परांचा कुपा, म्हणजे यलोफिन, म्हणूनच बहुतांश वेळ वरच्या उबदार थरात राहतो आणि खोल पाण्यात थोड्या वेळासाठीच उतरतो. मोठ्या डोळ्यांचा कुपा, म्हणजे बिगआय, अधिक थंड व कमी प्राणवायूचे पाणी सहन करतो. त्याच्यासाठी गळ खोल सोडावे लागतात.

उबदार थराखाली तापमान वेगाने घटते. या पट्ट्याला थर्मोक्लाइन म्हणतात. अरबी समुद्रात त्याच्या खालीच प्राणवायूची तीव्र कमतरता असलेला जाड थर आहे. थर्मोक्लाइन वर सरकली की यलोफिनचा वावर पाण्याच्या पातळ थरात कोंडला जातो आणि तेवढ्याच गळांना अधिक मासे लागतात. ती खोल गेली की तेच मासे मोठ्या जलराशीत विखुरतात. मासे तितकेच असूनही दोन हंगामांतील आकडे वेगळे दिसू शकतात, ते यामुळे.

हिंदी महासागर द्विध्रुव या आवर्तनात हाच परिणाम मोठ्या प्रमाणावर दिसतो. धन स्थितीत पश्चिम हिंदी महासागराचे पाणी तापते, थर्मोक्लाइन खोल जाते व वनस्पती प्लवकांची वाढ घटते. तैवानी लाँगलाइन नौकांच्या नोंदींवरील अभ्यासात अशा काळात पश्चिमेकडील यलोफिनचा पकडदर घटल्याचे, तर ऋण स्थितीत तो विशेषतः अरबी समुद्रात वाढल्याचे आढळले आहे. १९९७-९८ च्या तीव्र धन द्विध्रुवात जाळ्यांनी कुपा पकडणाऱ्या मोठ्या नौकाही पूर्वेकडे सरकल्या होत्या.

महाराष्ट्राचा किनारा

मुंबईसमोर भूखंडमंच दोनशे किलोमीटरांहून अधिक रुंद आहे. त्यामुळे यलोफिनचे खोल पाणी किनाऱ्यापासून फार दूर पडते, आणि मुंबई-ठाण्याच्या बाजारांत कुपा किंवा गेदर म्हणून येणारे मासे बहुधा किनारी जातींचे असतात. महासागरी जातींच्या पाहणीचे काम मात्र मुंबईतूनच चालते. १९४६ मध्ये येथे स्थापन झालेले खोल समुद्र मासेमारी केंद्र १९८३ मध्ये भारतीय मात्स्यिकी सर्वेक्षण झाले. 'मत्स्य वृष्टी' ही त्याची लाँगलाइन नौका मुंबईहून पाहणीसाठी जाते.

हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र उपग्रहांनी टिपलेले पृष्ठतापमान व हरितद्रव्य यांवरून संभाव्य मासेमारी क्षेत्रांची सूचना मराठीसह अनेक भाषांत देते. कुप्यासाठी वेगळी सूचनाही असते. जून-जुलैच्या बंदीकाळात या सूचना थांबवल्या जातात. उपग्रहाला फक्त पाण्याचा वरचा पापुद्रा दिसतो, ही या सूचनांची अंगभूत मर्यादा होय; गळाच्या खोलीवरचे तापमान तरंगत्या स्वयंचलित उपकरणांच्या नोंदींतून व सागरी प्रतिमानांतून काढावे लागते.

तापमानवाढ आणि वादाचे मुद्दे

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल व सहकाऱ्यांच्या २०१४ च्या अभ्यासानुसार, १९०१ ते २०१२ या काळात पश्चिम हिंदी महासागराचे उन्हाळी पृष्ठतापमान सुमारे १.२ अंश सेल्सिअसने वाढले. त्यांच्याच २०१६ च्या अभ्यासात, या भागातील वनस्पती प्लवक सहा दशकांत २० टक्क्यांपर्यंत घटल्याचे नमूद आहे. वरचे पाणी तापल्याने थरांची सरमिसळ कमी होते आणि खालची पोषकद्रव्ये वर येत नाहीत, असे त्याचे कारण दिले जाते.

कुप्याच्या घटत्या पकडीचे खापर केवळ तापमानावर फोडणे मात्र योग्य ठरत नाही. हिंदी महासागर ट्यूना आयोगाच्या २०१५ च्या मूल्यांकनात यलोफिनचा साठा अतिमासेमारीग्रस्त ठरला होता व त्यानंतर पकडीवर मर्यादा घालण्यात आल्या. त्याआधी सोमाली चाचेगिरीच्या काळात अनेक लाँगलाइन नौकांनी पश्चिम अरबी समुद्र सोडला होता. त्या वर्षांतील घटीचा पाण्याच्या तापमानाशी संबंध नव्हता. तेथे गळच कमी पडत होते.