चोरिसो ते चोरीस : इबेरियन द्वीपकल्प आणि गोमंतक यांच्या नित्याच्या स्वयंपाकातील एका मांसप्रकाराचा इतिहास

प्रास्ताविक

गोमंतकाच्या खाद्यसंस्कृतीविषयी लिहिताना 'पोर्तुगीजांचा वारसा' हा शब्दप्रयोग फार सैलपणे केला जातो. पाव, बटाटा, काजू, मिरची आणि चोरीस ही सर्व नावे एकाच माळेत ओवली जातात. वस्तुतः यांतील काजू, बटाटा आणि मिरची ही अमेरिका खंडातून आलेली पिके आहेत, पाव हे तंत्र आहे, आणि चोरीस म्हणजे डुकराचे मांस व चरबी मीठमसाल्यात मुरवून, आतड्यात भरून, वाळवून टिकविण्याची एक रीत आहे. पीक बोटीतून जसेच्या तसे आणता येते. रीत तशी आणता येत नाही. जेथे ती जाते तेथील हवा, आंबट पदार्थ, मीठ आणि माणसांची गरज यांच्याशी तिला जुळवून घ्यावे लागते. स्पेनमधील 'चोरिसो', पोर्तुगालमधील 'शोरीसु' आणि गोमंतकातील 'चोरीस' यांचे नाते तपासताना ही गोष्ट ध्यानात घेतली, तर वारसा नेमका कशाचा हा प्रश्न वेगळ्या प्रकारे मांडावा लागतो. तो वारसा पाककृतीचा कमी आणि घरखर्चाच्या हिशेबाचा अधिक आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

थंडी, धूर आणि लाल रंग

इबेरियन द्वीपकल्पात डुक्कर मारण्याचा काळ हिवाळ्याचा. ११ नोव्हेंबर हा संत मार्टिनचा दिवस या हंगामाची खूण मानला जातो. स्पॅनिश भाषेत 'मातान्सा' म्हणून ओळखला जाणारा हा प्रसंग म्हणजे घरचे, शेजारचे व नात्यातले लोक मिळून दोनतीन दिवस चालणारे वर्षाच्या बेगमीचे काम. मांड्या मिठात जात, रक्ताचे वेगळे पदार्थ होत, आणि उरलेले मांस व चरबी बारीक तुकडे करून आतड्यात भरली जाई. थंडीमुळे मांस सडत नसे व वाळण्यास अवधी मिळे. हंगामाची ही निवड धर्मापेक्षा हवेने केलेली होती.

आज लाल रंगावाचून चोरिसोची कल्पना करता येत नाही. परंतु हा रंग कोलंबसाच्या १४९२ मधील पहिल्या सफरीनंतरचा आहे. त्यापूर्वी हे पदार्थ फिकट असत किंवा रक्तामुळे काळसर. अमेरिकेतून आलेल्या मिरचीच्या जातींपासून स्पेनमध्ये 'पिमेंतोन' ही लाल पूड तयार होऊ लागली. तिने रंग दिला, चव दिली आणि मांस टिकण्यासही हातभार लावला. एस्त्रेमादुरा प्रांतातील ला व्हेरा या खोऱ्यात मिरची पिकते तेव्हाच शरदातला पाऊस सुरू होतो. ऊन भरवशाचे नसल्याने तेथे ती ओकच्या लाकडाच्या धुरावर वाळवितात. म्हणून ला व्हेराच्या पुडीला धुराचा वास असतो. मूर्सिया प्रांतात ऊन पुष्कळ, म्हणून तेथील पूड उन्हात वाळते व तिला तो वास नसतो. एकाच देशात एकाच मसाल्याच्या दोन चवी झाल्या त्या पावसामुळे, हे सांगण्यासारखे आहे.

हाच न्याय चोरिसोलाही लागू पडतो. कास्तीलच्या उंच, कोरड्या पठारावर तो नुसत्या वाऱ्यावर वाळतो. सेगोव्हिया भागातील कांतिम्पालोसचा चोरिसो या हवेचे फळ मानला जातो. अस्तुरियास व गालिसिया हे उत्तरेकडील प्रदेश दमट, म्हणून तेथे धूर देण्याची चाल आहे. गालिसियात कांदा घालून केलेला प्रकारही आढळतो. पाम्प्लोनाचा चोरिसो जाड व अगदी बारीक वाटलेल्या मांसाचा असतो, तर त्याच नाव्हारा प्रांतातील 'चिस्तोर्रा' बोटापेक्षा बारीक, थोडेच दिवस मुरलेली आणि तळून खायची. सालामांका प्रांतातील कांदेलारियो हे गाव तर या धंद्यासाठी एवढे प्रसिद्ध होते की, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात रामोन बायेउ या चित्रकाराने तेथील एका चोरिसो विक्रेत्याचे चित्र राजवाड्यासाठीच्या भिंतपडद्याकरिता रंगविले.

हंडीतील स्थान

आजच्या उपाहारगृहांत पातळ चकत्या कापून बशीत मांडलेला चोरिसो दिसतो. ऐतिहासिक दृष्ट्या मात्र त्याचे खरे स्थान हंडीत होते. अस्तुरियासच्या 'फाबादा' या पदार्थात मोठे पांढरे घेवडे मंद आचेवर शिजतात आणि चोरिसोतून सुटलेली लाल चरबी त्यांना रंग व चव देते. रिओहा प्रांतात बटाटे कापून नव्हे, तर सुरी अर्धवट घालून तोडून हंडीत टाकतात. त्यामुळे पिठूळपणा सुटतो, रस दाट होतो आणि चोरिसोचे थोडे तुकडे साऱ्या घराला पुरतात. उत्तर पोर्तुगालच्या मिन्यू भागातील 'काल्दु व्हेर्द' हे बटाट्याच्या रसातले बारीक चिरलेल्या हिरव्या पानांचे सार आहे. त्यात प्रत्येक वाडग्यात शोरीसुची एकच चकती घालण्याची रीत आहे.

ही एक चकती इतिहासकाराने दुर्लक्षिण्याजोगी नाही. शेतकऱ्याच्या घरी मांस पोट भरण्यासाठी नव्हते. घेवडा, बटाटा, पाव यांना खाण्याजोगे करण्यासाठी होते. एका डुकरावर वर्ष काढायचे तर मांस मसाल्यासारखेच वापरावे लागणार. चोरिसो नेमके तेच साधतो. त्यात मीठ, चरबी, लसूण, तिखट सारे आधीच असते, त्यामुळे हंडीत दुसरे फारसे काही घालावे लागत नाही. मेक्सिकोत गेलेल्या स्पॅनिश वसाहतवाल्यांनीही हेच केले. तेथे मांस न वाळविता शिर्का व स्थानिक मिरची घालून ताजाच चोरिसो होऊ लागला, तोलुका येथे तर हिरव्या मिरच्या व कोथिंबिरीचा हिरवा प्रकार निघाला, आणि वापर पुन्हा तोच : थोडा चोरिसो, पुष्कळ बटाटे किंवा अंडी.

ताटावरील पाळत

या पदार्थाच्या इतिहासाला एक काळी बाजू आहे. १४९२ मध्ये स्पेनमधून ज्यू लोकांची हकालपट्टी झाली. १४९७ मध्ये पोर्तुगालमध्ये त्यांना सक्तीने बाप्तिस्मा देण्यात आला. अशा 'नवख्रिस्ती' घरांवर धर्मन्यायपीठाची नजर असे, आणि डुकराचे मांस टाळणे हा जुना धर्म गुप्तपणे पाळण्याचा पुरावा समजला जाई. शेजारी, मोलकरीण, नातेवाईक कोणीही साक्ष देऊ शके. स्वयंपाकघर हे खाजगी स्थान उरले नाही. ईशान्य पोर्तुगालमधील 'आल्येइरा' या पदार्थाविषयी लोकपरंपरा अशी की, नवख्रिस्ती कुटुंबे कोंबडी किंवा शिकारीचे मांस व पाव भरून या नळ्या करीत आणि शेजाऱ्यांना दिसतील अशा टांगून ठेवीत. या परंपरेला कागदोपत्री आधार किती, हा प्रश्न वेगळा. पण टांगलेली माळ ही ग्वाही असू शकते, ही समजूत समाजात रुजली होती एवढे त्यातून निश्चित दिसते.

ही पाळत गोमंतकातही आली. आफोन्सु द आल्बुकेर्क याने १५१० मध्ये गोवा जिंकले. १५६० मध्ये तेथे धर्मन्यायपीठ स्थापन झाले आणि मधला १७७४ ते १७७८ हा काळ वगळता ते १८१२ पर्यंत चालले. १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या भारतीय औषधींवरील ग्रंथाचा कर्ता गार्सिया द ऑर्ता हा मूळचा नवख्रिस्ती घराण्यातला. त्याच्या मृत्यूनंतर १५८० मध्ये त्याच्या अस्थी उकरून जाळण्यात आल्या. त्याची बहीण कातारीना हिला त्याआधीच, १५६९ मध्ये, जिवंत जाळण्यात आले होते. स्थानिक धर्मांतरितांवरची पाळत निराळ्या स्वरूपाची होती. अ. का. प्रियोळकर यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गोव्याच्या धर्मन्यायपीठावरील ग्रंथात १७३६ चा जो जाहीरनामा चर्चिला आहे, त्यात हिंदू रीतीप्रमाणे मीठ न घालता भात शिजविण्यासही मनाई आहे. भातातल्या मिठाची चौकशी करणाऱ्या सत्तेखाली घरात काय शिजते यास वेगळाच अर्थ येतो, हे उघड आहे.

तथापि एवढ्यावरून गोमंतकीय ख्रिस्ती समाजाने चोरीस केवळ भीतीपोटी स्वीकारले, असे म्हणणे सोपे असले तरी पुरेसे नाही. भीतीने एखादा पदार्थ घरात शिरू शकेल. शंभर-दोनशे वर्षे तो रोज आवडीने शिजावा, त्यात घरोघरचे मसाल्याचे प्रमाण ठरावे, आणि धर्मन्यायपीठ गेल्यावरही त्याची गोडी वाढतच राहावी, हे भीतीचे काम नव्हे. त्याची कारणे गोमंतकाच्या हवेत व पावसाळ्यात शोधावी लागतात.

गोमंतकातील रूपांतर

गोमंतकात हिवाळा नाही, म्हणजे मांस वाळविण्यापुरता तरी नाही. ओक नाही, द्राक्षमद्य स्वस्त नाही आणि हवा बारमाही दमट. कास्तीलची रीत येथे जशीच्या तशी आणली असती तर मांस चार दिवसांत नासले असते. मार्ग सापडला तो माडावर. माडाच्या सुरेपासून होणारा शिर्का येथे मुबलक होता. पोर्तुगीज घरांत मांस लसूण व द्राक्षमद्य यांत मुरविण्याची 'व्हिन्य द आल्य्श' ही पद्धत होती. गोमंतकात मद्याची जागा या शिर्क्याने घेतली. याच पद्धतीतून विंदालू आला हे सर्वश्रुत आहे. चोरीस हे त्याचे भावंड आहे, याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही.

कृती ढोबळमानाने अशी. चरबीसह मांसाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करून मिठात दडपून ठेवतात. मीठ गोमंतकाच्या मिठागरांतले. नंतर तुकड्यांना ऊन देतात. लाल मिरची, लसूण, आले, जिरे, हळद, मिरी, लवंग, दालचिनी हे सारे शिर्क्यात वाटून त्यात मांस काही दिवस मुरते. मग धुऊन वाळविलेल्या आतड्यात भरून, दोऱ्याने ठिकठिकाणी बांधून, जपमाळेच्या मण्यांसारखी माळ करतात. ती पुन्हा उन्हात किंवा चुलीवरच्या धुरात टांगली जाते. येथे मिरचीचे कार्य पिमेंतोनसारखे रंगापुरते राहत नाही. ती झणझणीत असते, आणि मागोमाग शिर्क्याचा आंबटपणा येतो. मुंबई इलाख्यात मिरचीला 'गोवाई मिरची' असेही म्हणत, हे या वाटेचे स्मरण करून देणारे आहे. इबेरियन चोरिसोशी तुलना केली तर मसाला वेगळा, आंबट वेगळे, टिकण्याचे तंत्र वेगळे. समान राहिले ते नाव, आतडे आणि हंडीतले स्थान.

हंडीतले हे स्थान तपशिलाने पाहण्यासारखे आहे. चोरीस शिजविताना तेल लागत नाही. मणी सोडवून भांड्यात थोड्या पाण्यावर ठेवले की चरबी सुटते, आणि मग पुष्कळसा चिरलेला कांदा घालतात. कांद्याचा गोडवा व बटाट्याचा मऊपणा यांच्यावाचून हे मांस फार खारट, फार आंबट आणि फार तिखट लागते. म्हणजे ते एकटे खाण्यासाठी केलेलेच नाही. चोरीस-पाव, चोरीस घातलेला पुलाव, वाळलेल्या घेवड्यांबरोबर केलेली 'फेजुआद' या तिन्हींत थोडे मांस पुष्कळ धान्याला किंवा कडधान्याला चव देते. रिओहाच्या शेतकऱ्याची हंडी आणि साष्टीच्या कुळाघरची हंडी यांचा हिशेब एकच आहे. बटाटा हा शब्दही मराठीत पोर्तुगीजांकडूनच आला, आणि तो दोन्ही हंड्यांत आहे.

पुरुमेंत, कुड आणि जहाज

गोमंतकात पावसाळ्यापूर्वीच्या बेगमीला 'पुरुमेंत' म्हणतात. पोर्तुगीज 'प्रोव्हिमेंतु' म्हणजे तरतूद, त्याचे हे कोकणी रूप. एप्रिल-मे महिन्यांत सुकी मासळी, मीठ, मिरची, कांद्याच्या माळा, आमसुले, उकडे तांदूळ घरात भरले जात, आणि ख्रिस्ती घरांत त्यांच्या शेजारी चोरिसांच्या माळा टांगल्या जात. समुद्र खवळला, होड्या किनाऱ्याला लागल्या, वाटा चिखलाने बंद झाल्या की ताज्या मासळीची जागा या माळेने घ्यायची. इबेरियात हिवाळा वर्षाची बेगमी करण्याचा काळ होता. गोमंतकात उन्हाळ्यात बेगमी आणि पावसाळ्यात भोग, असा क्रम उलटला.

एकोणिसाव्या व विसाव्या शतकांत हजारो गोमंतकीय पोटासाठी मुंबईस आले. धोबी तलाव, माझगाव, गिरगाव या भागांत गावोगावच्या लोकांनी 'कुड' नावाची सामायिक बिऱ्हाडे उभी केली. जहाजांवर खलाशी, आचारी, वाढपी म्हणून काम करणारे तारवटी दोन सफरींच्या मधला काळ तेथे काढीत. गावाहून येताना पत्र्याच्या पेटीत जे आणायचे ते टिकाऊ असणे भाग होते, आणि चोरीस त्यासाठी जणू घडविलेलेच होते. डुक्कर मारल्यावर घरच्या सर्वांनी मिळून करावयाच्या कामाचे हे फळ आता एकट्या पुरुषाच्या पेटीतून प्रवास करू लागले. धोबी तलावाच्या परिसरात गोमंतकीय पदार्थ विकणारी दुकाने निघाली, त्यांतही ते लटकू लागले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोव्यातील पोर्तुगीज सत्ता संपली. त्या सत्तेची अनेक चिन्हे पुढे हटविली गेली, पण चोरीस हटविण्याची भाषा कोणी केली नाही, कारण ते कोणाला परके वाटतच नव्हते. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आजही त्याच्या माळा टांगलेल्या दिसतात. माहीतगार गिऱ्हाईक प्रथम माळ हाताने दाबून ती किती वाळली आहे ते पाहते, मग वास घेते, आणि शिर्का माडाचाच आहे ना, असे विचारते.