घरी पिकवलेले मोती

हलव्याच्या दाण्याला भोक नसतं. पाडायला गेलात तर दाणा फुटतो. तरीही त्याच्या माळा होतात, बाजूबंद होतात, नथ होते, तान्ह्या बाळाचा मुकुट आणि बासरीसुद्धा होते. कशी? आमच्या घरची पद्धत अशी: दोरा दुपदरी घ्यायचा, दोन पदरांच्या मधे दाणा धरायचा, पीळ द्यायचा, पुढचा दाणा धरायचा, परत पीळ. दोरा निसटत नाही, कारण दाण्याला काटे असतात. जो काटा आपल्याला शोभेचा वाटतो, तोच इथे दोरा अडकवायचं काम करतो. हे कळलं तेव्हा मी चाटच पडलो, आणि मग दोन-तीन वीकांत या काट्यांमागेच गेले.

काटा येतो कसा ते आधी बघू. परात मंद शेगडीवर ठेवायची. त्यात तीळ, खसखस, साबुदाणा किंवा भोपळ्याची बी. साखरेचा पाक करताना दूध घालून मळी काढून टाकायची. मग तो पाक चमचाभर घालायचा आणि दाणे बोटांनी हलवत राहायचं. पाक सुकला की पुढचा चमचा. आच जास्त झाली तर साखर पिवळी पडते, पाक जास्त झाला तर दाण्यांचा गोळा होतो. हवा कोरडी आणि थंड लागते, म्हणून हे काम पौषातलंच. पावसाळ्यात करून बघावं कुणी! एका परातीला दोन-तीन दिवस सहज जातात, आणि बोटांची टोकं भाजतात ती वेगळीच.

हाच पदार्थ जपानमध्येही आहे, ही गोष्ट फार मजेची आहे. तिथे त्याला 'कोनपेइतो' म्हणतात. नाव पोर्तुगीज 'कॉन्फेइतो'वरून आलं. 1569 साली लुईस फ्रोइस नावाच्या जेझुइट पाद्र्याने ओदा नोबुनागा या सरदाराला काचेच्या बरणीतून ही मिठाई भेट दिली. हा फ्रोइस जपानला जाण्याआधी कित्येक वर्षं आपल्या गोव्यात होता. म्हणून लगेच 'बघा, हलवा गोव्यातून जपानला गेला' असं म्हणायला माझा हात शिवशिवतोय, पण तेवढ्यावरून ते सिद्ध होत नाही. असो. जपानी लोकांनी मात्र या काट्यांचा पिच्छा पुरवला. तोराहिको तेरादा या भौतिकशास्त्रज्ञाने 1920च्या दशकात त्यावर लिहिलं. त्याचा प्रश्न साधा होता. पाक सगळीकडून सारखाच लागतो, तर दाणा गुळगुळीत गोल व्हायला हवा, मग काटे का? उत्तर साधारण असं देतात: दाण्यावर कुठेतरी नकळत एवढासा उंचवटा राहतो. परातीला आधी तोच टेकतो, पाक त्यालाच जास्त लागतो, तिथेच सुकतो, आणि उंचवटा आणखी उंच होतो. ज्याच्याकडे आहे त्यालाच आणखी मिळतं! (आमच्या हपिसातली पगारवाढ याच तत्त्वावर चालते. :-))

आता दागिन्यांकडे. हलव्याचे दागिने म्हणजे 'सोनं परवडत नाही म्हणून साखरेचं' असं सर्रास ऐकायला मिळतं. मला ते पटत नाही. सोन्याची नक्कल करायची असती तर केशर घालून पिवळा हलवा केला असता. तसा करतातही, पण दागिन्यात मान पांढऱ्यालाच. आणि दागिने कुठले, तर तन्मणी, चिंचपेटी, नथ, बाजूबंद. यातले बहुतेक मराठी घरांत मोत्यांचे असायचे. माझ्या मते ही नक्कल मोत्याची आहे. नक्कल तरी कशाला म्हणा, कृतीच तीच आहे. शिंपल्यात एखादा कण अडकतो आणि त्याच्याभोवती थरावर थर चढत जातात. परातीत तीळ असतो आणि त्याच्यावर पाकाचे थर चढतात. काळ्या चंद्रकळेवर हे पांढरे दाणे काय उठून दिसतात, ते बघितलंय ना?

खरा मोती तेव्हा इराणच्या आखातातून यायचा. बसऱ्याचा मोती म्हणतात तो हाच, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याची मोठी बाजारपेठ आपली मुंबई होती. जपानच्या मिकिमोतोने 1893 मध्ये शिंपल्यात मुद्दाम कण घालून मोती तयार करून दाखवला. पुढे असे मोती ढिगाने बाजारात आले, जगभर मंदी आली, आणि 1930च्या दशकात आखातातला धंदा बसला. पण त्याआधीचा काळ डोळ्यांसमोर आणा. वाईच्या किंवा राजापूरच्या मध्यम घरातली बाई मोत्यांचा तन्मणी कुठून आणणार होती?

आणि साखर तरी कुठे स्वस्त होती! ऊस आपला, कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'त फाणित, गूळ, खंड, शर्करा अशी यादीच आहे, पण सामान्य घरात रोजचा राबता गुळाचा. पांढरीशुभ्र साखर एकोणिसाव्या शतकात मुंबईला बोटीने यायची, पुष्कळशी मॉरिशसहून. जुनी माणसं तिला 'मोरस साखर' म्हणायची ती यामुळेच. त्या मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत 1834 नंतर करारावर जे मजूर गेले, त्यांत कोकणातली आणि घाटावरची मराठी माणसंही होती. त्यांचे वंशज आजही तिथे मराठी म्हणवतात. एका गावातला माणूस ऊस तोडायला समुद्रापार गेला आणि त्या उसाची साखर त्याच्याच मुलखातल्या नवरीच्या गळ्यात आली, असं घडलं असेलच की. पुढे 1932 साली सरकारने आयात साखरेवर संरक्षक जकात बसवली आणि देशी कारखाने वाढले. 1950 मध्ये प्रवरानगरला सहकारी कारखान्याचं गाळप सुरू झालं. म्हणजे साखर घराघरांत मुबलक झाली ती गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांत. त्याआधी हलव्याचा तन्मणी ही चैनच होती.

या सगळ्या हिशेबात बोटं कुणाची भाजायची, ते कुठल्याच पुस्तकात येत नाही. आमच्याकडे ती आक्काची भाजायची. आक्का म्हणजे माझ्या आजोबांची थोरली बहीण. तेराव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परत आली ती कायमची. कर्व्यांनी 1896 साली विधवांसाठी आश्रम काढला होता. आक्काचा जन्म त्यानंतर बारा वर्षांनी झाला, पण वाईपासून पुणं तेव्हा फार लांब होतं, किंवा आमच्या घराला ते लांब ठेवायचं होतं. लाल आलवण नेसून आक्का मार्गशीर्ष संपता संपता शेगडीपाशी बसायची. अख्ख्या आळीत तिच्यासारखा काटा कुणाच्या हलव्याला येत नसे. दागिनेही तीच गुंफायची. ते अंगावर घालायला मात्र सवाष्ण लागायची. हळदीकुंकवाच्या दिवशी आक्का माजघराच्या अलीकडे येत नसे.

1972 साली माझ्या आईची पहिली संक्रांत झाली. शेजारच्या काकूंनी दागिने घातले, ओटी भरली, फोटो काढला. त्या फोटोत आक्का नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे निजले असताना आई तीच माळ गळ्यात घालून स्वयंपाकघरात गेली. "आक्का, ही मागे सैल झालीय बघा. बांधून देता?" आक्काने हात धुतले, पदराला पुसले आणि मागची गाठ सोडून पुन्हा बांधली. बराच वेळ लावला, म्हणे. माळ सैल झालेली नव्हती, हे मला आईनेच सांगितलं, तेही आक्का गेल्यावर कित्येक वर्षांनी.

आता हलवा फिरत्या यंत्रात होतो आणि दादरला नाहीतर तुळशीबागेत तयार संच मिळतात. पुठ्ठा, सोनेरी कागद, डिंक. दिसतात छान. पण यंदा भाचीच्या बोरन्हाणाला आम्ही घरीच करायचं ठरवलं. हलवा विकतचा, बाकी सगळं घरचं. आई दोरा धरायची, बायको दाणे निवडायची, माझ्या मुलीने कागदावर मुकुटाचा नमुना कापला. माझ्याकडे पीळ द्यायचं काम. डिंक अजिबात वापरला नाही, कारण बाळ हाताला येईल ते तोंडात घालतं. त्याच कारणासाठी शेंगदाण्याचा मोठा हलवा बाजूला काढला, तो घशात अडकायची भीती. फक्त तीळ आणि खसखशीचे बारीक दाणे घेतले. दोन वीकांत गेले. पहिल्या दिवशी तासाभरात जेमतेम वीतभर माळ झाली. दुसऱ्या वीकांताला मुलगी माझ्यापेक्षा भराभर करायला लागली.

बोरन्हाण संध्याकाळी पाचला होतं. आईने बाळाला मुकुट घातला आणि मागची गाठ बांधायला तिने शेजारच्या आजींना बोलावलं, ज्या 'मी कशाला, मी कशाला' म्हणत दाराशीच थांबल्या होत्या. मग डोक्यावरून बोरं, चुरमुरे, हलवा ओतला आणि पोरं त्यावर तुटून पडली. साडेपाचपर्यंत मुकुटाचा डावा भाग शिल्लक होता. उजवा माझ्या मुलीने आणि तिच्या मैत्रिणीने दोऱ्यासकट चोखून संपवला होता.