सस्कॅचेवानचे तेवीस दिवस

आपल्या धर्मग्रामांतील कित्येक घरांतील एखादी लेक कॅनडात असते, तर एखादा पुतण्या अमेरिकेत. दोन्हीकडे बाळंतपण होते. एकीकडून बाळाची छायाचित्रे येतात. दुसरीकडून छायाचित्रांबरोबरच रुग्णालयाच्या बिलाची हकीकतही येते. एकमेकांना टेकून असलेल्या या दोन संपन्न देशांत हा फरक कोठून आला? आमच्या मते त्याचे उत्तर स्वभावात वा श्रीमंतीत नाही, इतिहासात आहे. १९७०च्या सुमारास दोन्ही देश आरोग्यावर राष्ट्रीय उत्पन्नाचा जवळजवळ सारखाच, म्हणजे सुमारे ७ टक्के, वाटा खर्च करीत होते. आज अमेरिकेचा वाटा १७ टक्क्यांच्या आसपास, तर कॅनडाचा ११-१२ टक्क्यांच्या घरात आहे. एवढा खर्च करूनही २०२३ साली अमेरिकेत सुमारे अडीच कोटी माणसे विम्याविना होती.

अमेरिकेची वाट बरीचशी योगायोगाने आखली गेली. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, सरकारने वेतनवाढीवर निर्बंध घातले. पगार वाढवता येईना, तेव्हा कारखानदारांनी कामगार टिकवून धरण्यासाठी आरोग्यविमा देऊ केला. १९५४च्या करकायद्याने त्यावरची करसवलत पक्की केली आणि विमा नोकरीला कायमचा जखडला गेला. नोकरी सुटली की विमाही सुटे. १९४५ साली राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी सर्वांसाठी राष्ट्रीय विम्याचा प्रस्ताव मांडला. डॉक्टरांच्या संघटनेच्या कडव्या विरोधापुढे तो टिकला नाही. १९६५ साली वृद्धांसाठी आणि गरिबांसाठी दोन स्वतंत्र योजना आल्या. मधल्या माणसाने आपली सोय आपण पाहावी, असा एकंदर मामला झाला.

कॅनडाची कथा मात्र गव्हाच्या माळरानावर सुरू होते. सस्कॅचेवान हा विरळ वस्तीचा, कडाक्याच्या थंडीचा प्रांत. तेथे डॉक्टर टिकत नसत. म्हणून गावकऱ्यांनीच पट्टी काढून डॉक्टरला वार्षिक वेतनावर ठेवण्याची प्रथा पाडली आणि १९१६ साली कायद्याने तिला मान्यता दिली. १९२९पासून तेथे क्षयरोगाचे उपचार विनामूल्य झाले. धान्याच्या सहकारी संस्था उभारणाऱ्या या शेतकऱ्यांना दुखण्याचा भारही मिळून वाहणे अवघड वाटले नाही, यात नवल ते काय!

१९४४ साली त्या प्रांताचे मुख्यमंत्री झालेले टॉमी डग्लस हे मूळचे बॅप्टिस्ट पाळक. लहानपणी हाडाच्या रोगाने त्यांचा पाय कापण्याची वेळ आली होती. घरची गरिबी. विद्यार्थ्यांना शिकवण्याच्या निमित्ताने एका शल्यविशारदाने फुकट उपचार केले आणि पाय वाचला. आपला पाय दैवाने वाचला, हक्काने नव्हे, ही जाणीव त्यांना आयुष्यभर पुरली. १ जानेवारी १९४७ पासून त्यांनी माणशी ५ डॉलर वार्षिक वर्गणीत रुग्णालयविमा सुरू केला. एका कुटुंबाला ३० डॉलरहून अधिक द्यावे लागत नसत.

डॉक्टरांच्या शुल्काचा प्रश्न त्याहून अवघड ठरला. डग्लस यांच्यानंतर आलेल्या वुड्रो लॉइड यांच्या सरकारने १ जुलै १९६२ रोजी कायदा अमलात आणला आणि त्याच दिवशी प्रांतातील बहुतेक डॉक्टरांनी दवाखाने बंद केले. केवळ तातडीची सेवा चालू राहिली. तान्ही मुले असलेल्या आईबापांनी ते दिवस कसे काढले असतील, याची कल्पना करवत नाही. ब्रिटनमधून डॉक्टर आणावे लागले.

आम्हा कॅथॉलिकांना अंतर्मुख करणारी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. विल्कॉक्स गावी नोत्र-दाम महाविद्यालय उभारणारे फादर ॲथोल मरे, गोरगरिबांच्या मुलांना शिकवणारे लोकप्रिय धर्मगुरू, या कायद्याविरुद्ध जाहीर सभांतून अत्यंत प्रक्षोभक बोलले. हा साम्यवादाचा शिरकाव आहे, असे त्यांना प्रामाणिकपणे वाटत होते. त्याच प्रांतातले दुसरे कॅथॉलिक, न्यायमूर्ती एमेट हॉल. सास्काटून येथे ग्रे नन्स धर्मभगिनींनी १९०७ साली सुरू केलेल्या सेंट पॉल रुग्णालयाच्या कारभाराशी त्यांचा निकटचा संबंध होता. १९६१ साली केंद्र सरकारने आरोग्यसेवेच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाचे ते अध्यक्ष. ते पुराणमतवादी म्हणून ओळखले जात. डॉक्टरांनाही त्यांचा भरवसा वाटे. एकच श्रद्धा, एकच प्रांत आणि निष्कर्ष मात्र परस्परविरुद्ध! मरे यांना खोटे ठरवण्याचा आमचा हेतू नाही. पण दुखणाईताच्या उशाशी बसून विचार कोणी केला, असे विचारल्यास आम्ही हॉल यांच्याकडे बोट दाखवू.

तेविसाव्या दिवशी ब्रिटिश डॉक्टर लॉर्ड टेलर यांच्या मध्यस्थीने तडजोड झाली. डॉक्टर सरकारी नोकर झाले नाहीत. आपल्या दवाखान्याचे मालकच राहिले. बिल मात्र प्रांताच्या विम्याने भरायचे. १९६४ साली हॉल आयोगाने हीच पद्धत साऱ्या देशासाठी सुचवली, १९६६ साली केंद्राचा कायदा झाला आणि १९७२पर्यंत सर्व प्रांत त्यात आले.

त्यातही उणिवा राहिल्या. दवाखान्याबाहेरची औषधे आणि दातांचे उपचार त्या कायद्याच्या कक्षेत आले नाहीत. शस्त्रक्रियेसाठी महिनोन्‌महिने थांबावे लागते, ही तक्रार तर आपल्या टोरंटोच्या नातलगांकडूनही ऐकू येते. पुढे काही डॉक्टर विम्याच्या रकमेवर रुग्णाकडून वरकड पैसे घेऊ लागले. तेव्हा वयाची ऐंशी ओलांडलेल्या हॉल यांनाच पुन्हा पाचारण करण्यात आले. १९८० साली त्यांनी या वरकड आकारणीविरुद्ध स्पष्ट अहवाल दिला. तिला पायबंद घालणारा कॅनडा आरोग्य कायदा १९८४ साली लोकसभागृहात आला, तेव्हा एकाही पक्षाने विरोधात मत दिले नाही.