वही कुणाच्या हातात: नंदुरबारमधल्या उधारीची पन्नास वर्षे

खान्देशात सालदाराचे नवे साल आखाजीला ठरते. अक्षय्य तृतीयेच्या त्या सणाला मालक उचल देतो आणि सालदार वर्षभर राबून ती फेडतो. शहादा-तळोद्याच्या काळ्या, सुपीक जमिनीत राबणाऱ्या भिल्ल कुटुंबांना कर्ज माहीत झाले ते असे. घेतलेली रक्कम घरातल्या सगळ्यांना ठाऊक असे. फिटली किती, हे मात्र मालकाच्या वहीत असे. ती वही वाचू शकणारा माणूस वस्तीत क्वचितच सापडे.

या व्यवस्थेला मोठा धक्का बसला तो सत्तरच्या दशकात. मे १९७१ मध्ये शहादा तालुक्यातल्या पाटीलवाडीला धान्याच्या वादातून आदिवासींवर गोळीबार झाला. ३० जानेवारी १९७२ रोजी शहाद्यात भूमुक्ती परिषद भरली. अंबरसिंग सुरतवंती आणि त्यांच्याबरोबरच्या तरुण कार्यकर्त्यांनी त्याच वर्षी श्रमिक संघटना उभारली, गहाण पडलेल्या जमिनी सोडवण्यासाठी आणि सालदारांच्या मजुरीसाठी लढे दिले. १९७३ मध्ये बायका पुढे आल्या. एका गावच्या बायका दुसऱ्या गावी जात, दारूची मडकी फोडत आणि मारझोड करणाऱ्या नवऱ्याला चारचौघांत जाब विचारत. बचत गट अजून कुणाला माहीत नव्हते. पण बायकांनी एकत्र बसून निर्णय घ्यायचा आणि तो पाळायचा, हा रिवाज इथे तेव्हापासूनचा आहे.

१९७५ मध्ये राज्याने कर्जमुक्तीचा कायदा करून छोटे शेतकरी, शेतमजूर आणि कारागिरांना सावकाराच्या देण्यातून मोकळे केले. जुने देणे सुटले, तरी पावसाळ्यातली चूल पेटायचा प्रश्न तसाच होता. जूनपासून सप्टेंबरपर्यंत कणगी रिकामी असते आणि मजुरीही नसते. त्यावर उपाय म्हणून १९७८ मध्ये आदिवासींसाठी खावटी कर्ज सुरू झाले. आदिवासी विकास महामंडळ काही भाग धान्यात आणि काही रोखीने देई. त्याने अनेक घरे उपासमारीतून वाचली. परतफेड मात्र जमेना. थकबाकी साचली, माफ झाली, पुन्हा साचली. अखेर कोरोनाच्या वर्षी, २०२० मध्ये, सरकारने कर्जाऐवजी अनुदान देण्याचे ठरवले: कुटुंबाला ४,००० रुपये, निम्मे बँक खात्यात आणि निम्मे वस्तूंच्या रूपात. एवढ्या वर्षांत गावाचा स्वतःचा असा निधी या योजनेतून उभा राहिला नाही. पैसा वरून आला, वापरला गेला आणि हिशेब वरच राहिला.

बचत गटांची वाट वेगळी होती. नाबार्डने १९९२ मध्ये देशभरात ५०० गट बँकांना जोडण्याचा प्रयोग हाती घेतला. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला आणि पुढच्याच एप्रिलमध्ये स्वर्णजयंती ग्राम स्वरोजगार योजना आली. तिच्यात कर्जाला अनुदानाची जोड होती आणि तिथेच गोची झाली. देशभर कित्येक गट अनुदानासाठी जमले आणि ते पदरात पडताच विखुरले. २०११ मध्ये ग्रामीण जीवनोन्नती अभियानाने या योजनेची जागा घेतली. महाराष्ट्रात ‘उमेद’ या नावाने आलेल्या अभियानाने पाच नियम धरले: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि चोख नोंदी. दुर्गम आदिवासी भागात गटाला दहा बायकांची अट नाही, पाच जणीही चालतात. जिल्ह्यातल्या अक्राणी तालुक्याच्या डोंगरात एका पाड्यावर मोजकीच घरे असतात, तिथे ही सवलत नसती तर गट उभाच राहिला नसता.

नियम साधे असले, तरी नंदुरबारमध्ये ते पाळणे अवघड आहे. दिवाळीनंतर इथली अनेक कुटुंबे कोयता घेऊन दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला जातात. मुकादमाची उचल त्यांनी आधीच घेतलेली असते. महिनोन्महिने पाड्यावर निम्म्या सदस्याही नसतात, मग बैठक कुणाची घ्यायची? दुसरी अडचण लिहिण्याची. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची साक्षरता ६४ टक्क्यांच्या आसपास होती आणि बायकांची त्याहून बरीच कमी. बोलणे पावरी, भिली किंवा मावचीत होते, वही मराठीत भरली जाते. लिहिणारी एकच असेल आणि सासरी गेली किंवा तोडीला गेली, की बाकीच्यांना आपली शिल्लक कळेनाशी होते. मालकाच्या वहीतून सुटलेली बाई अशा वेळी गटाच्या वहीपुढेही तितकीच परकी ठरते.

म्हणून गटांच्या वर एखादी कायमची व्यवस्था लागते. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या महिला आर्थिक विकास महामंडळाने, म्हणजे माविमने, २००७ पासून ‘तेजस्विनी’ कार्यक्रमात लोकसंचालित साधन केंद्रे उभारली. दीडशे-दोनशे गट मिळून एक केंद्र चालवतात. केंद्राची माणसे वह्या तपासतात, वर्षाचे लेखापरीक्षण करतात, बँकेत कर्जाचा प्रस्ताव नेतात. त्या बदल्यात गट सेवाशुल्क देतात, काही ठिकाणी बँकेकडूनही मोबदला मिळतो. प्रकल्पाचा निधी कधीतरी आटणार, हे धरूनच ही रचना केलेली होती. आपल्या हिशेबनीसाचे मानधन गटांनी स्वतः द्यावे, हा तिचा गाभा आहे, आणि नंदुरबारसारख्या जिल्ह्यात तो पहिल्यापासून आग्रहाने राबवायला हवा. ऊसतोडीला निघण्यापूर्वी, दिवाळीच्या आतच, प्रत्येकीची बचत आणि बाकी तिच्या बोलीत मोठ्याने वाचून दाखवायची, हे कामही त्याच मानधनात बसवता येते.